कवडीतला जीव

आज्जीची एक खणाची पिशवी माझ्याकडे आहे. तिच्यात सतरा कवड्या आहेत. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भावंडं सोप्यात खडूनं घरं आखून चौकाभारा मांडायचो, तेव्हा आज्जी ती पिशवी काढून द्यायची आणि दर वेळी बजावायची, "काही लावायचं नाही हं." सप्तव्यसनांत जुगार पहिला. पैसे तर सोडाच, चिंचोके लावायलाही तिची परवानगी नसायची. खेळ संपला की कवड्या मोजून घ्यायची आणि पिशवीची नाडी घट्ट ओढायची.

या कवड्या आल्या कुठून, हे मी तिला कधी विचारलं नाही. आपल्या बेळगाव भागात कवडी म्हणजे सौंदत्तीची यल्लम्मा. गळ्यात कवड्यांची माळ आणि हातात परडी घेऊन जोगतीण दारात यायची, आज्जी सुपातून जोंधळे घालायची. आम्ही जैन, यल्लम्मा आमच्या देव्हाऱ्यात नाही, पण दारातून कुणाला रिकामं पाठवायचं नाही हा तिचा नेम. तेव्हा माझ्या मनात कवडी ही सौंदत्तीच्या डोंगरावरच होत असावी, जशी चिंच झाडावर होते तशी. बी.ए. होऊन, लग्न होऊन, मुलं मोठी होऊनही हा समज मी तपासला नव्हता. तपासला गेला तो गेल्या फेब्रुवारीत, मालदीवच्या समुद्रात, छातीला फुगीर जाकीट बांधून आणि तोंडात नळी धरून मी पालथी तरंगत असताना.

मुलगी आणि जावई यांनी आग्रहानं नेलं होतं. शिडाच्या बोटीतून पाच दिवस बेटांमधून फिरायचं, रात्री बोटीतच झोपायचं. माझी पहिली काळजी जेवणाची. त्या देशात सकाळपासून रात्रीपर्यंत टूना मासा. मी भाजणी, शेंगाचटणी, भडंग आणि दशम्यांचा डबा बांधून नेला होता आणि सूर्यास्ताआधी माझं जेवण उरकत होते. बोटीवरचा आचारी मोठा समजूतदार. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःच पश्चिमेकडं बोट दाखवून "मॅडम, टाइम" म्हणायला लागला. वारा असला की शीड, पडला की इंजिन. नावाडी नकाशापेक्षा पाण्याच्या रंगाकडं जास्त बघायचा. गडद निळं म्हणजे खोल, हिरवट म्हणजे वाळू, आणि तपकिरी डाग दिसला की खाली प्रवाळ, तिकडं जायचं नाही.

पाण्यात उतरायला मी तीन दिवस नाही म्हटलं. पोहता येत नाही, वय पंचावन्न, आणि तो अंगाला चिकटणारा पोशाख. चौथ्या दिवशी दुपार कलल्यावर मुलगी म्हणाली, "आई, नुसतं तोंड तर पाण्यात घाल." तोंड घातलं, आणि पहिली गोष्ट लक्षात आली ती आवाज. स्वतःचा श्वास नळीतून घोरल्यासारखा ऐकू येतो आणि त्यामागं कुरुम-कुरुम असा बारीक आवाज सगळीकडून. त्यात पोपटमाशांचाही वाटा. ते चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडून खातात आणि त्याची वाळू करून बाहेर टाकतात. त्या बेटांवरची पांढरी वाळू, जिच्यावर आपण फोटो काढतो, ती बरीचशी अशी झालेली.

प्रवाळ मी आजवर अंगठीतलं पोवळं म्हणूनच ओळखत होते. आपल्या शास्त्रात प्रवाळाची गणना पृथ्वीकायात, दगड, वाळू आणि अभ्रकाच्या पंगतीत आहे. विज्ञान म्हणतं, खडक त्यांनी बांधलेला, पण बांधणारे बारीक प्राणी. मी तरंगत होते तिथं दोन्ही खरं वाटत होतं. काही भाग जांभळा, पिवळा, हलता. आणि मोठमोठे पट्टे राखाडी, मेलेले. १९९८ साली समुद्र तापला आणि मालदीवच्या उथळ पाण्यातलं बहुतेक प्रवाळ पांढरं पडून गेलं. पुन्हा भरत आलं, तोवर २०१६ साली परत तेच. आपल्या बागेत एकदा कीड पडली तरी महिनाभर चुटपुट लागते.

बरोबरच्या स्थानिक मुलानं मला हातानं खूण करून जवळ बोलावलं. एका मेलेल्या प्रवाळाच्या कडेला, सावलीत, बोटाच्या पेराएवढं काहीतरी चिकटलेलं होतं. काळपट, ठिपकेदार, मखमली. त्यानं हलकेच बोट लावलं. ती मखमल दोन्ही बाजूंनी मागं सरकली, जसा पदर ओढून घ्यावा तसा, आणि आतून पिवळट पांढरी, गुळगुळीत, चकचकीत कवडी निघाली. आमच्या पिशवीतलीच. पुढून दोन बारीक शिंगं बाहेर आली, त्यांच्या मुळाशी दोन काळे ठिपके. मुलानं ती उचलली नाही. वर आल्यावर एवढंच म्हणाला, "बोली." त्यांच्या भाषेत कवडीला बोली म्हणतात.

पाठशाळेत आम्ही दोन इंद्रियांच्या जिवांची नावं घोकायचो: शंख, शिंपली, कवडी, गांडूळ, जळू. स्पर्श आणि रसना, एवढंच त्यांना. मला तर डोळ्यांसारखे ठिपके दिसले. हा वाद मी इथं घालत नाही. मला चटका बसला तो वेगळाच. कवडी हे नाव घोकत असताना शेजारच्या खोलीत आम्ही त्याच कवड्या खुळखुळवून फेकत होतो, आणि दोन्हींत काही संबंध आहे हे पाठशाळेच्या बाईंना, आज्जीला, मला, कुणालाच कधी सुचलं नाही. कवडीची ती चकाकीसुद्धा त्या मखमलीची देणगी. जीव आहे तोवर तो तिला वरून पांघरून असतो, म्हणून तिच्यावर ओरखडा नसतो.

परत आल्यावर मी वाचायला बसले. मुलीनं दोन पुस्तकं आणून दिली, बाकीची वाचनालयातून मिळवली.

मालदीवची कवडी हे जगातलं सर्वांत दूर पोहोचलेलं नाणं असावं, असं मला वाटायला लागलंय. नवव्या शतकातल्या अरब दर्यावर्दींच्या वृत्तांतात या बेटांचा उल्लेख आहे: राज्य एका बाईचं, आणि तिच्या खजिन्यात सोनं-रुपं नव्हे तर कवड्या. नारळाच्या झावळ्या पाण्यात टाकून ठेवत, कवड्या त्यांना येऊन चिकटत, मग त्या ओढून काढत. १३४३ साली इब्न बतूता तिथं पोहोचला तेव्हाही गादीवर बाईच होती, राणी खदीजा. त्याला तिथं काझी नेमलं. बायकांनी कमरेच्या वरही वस्त्र घ्यावं म्हणून त्यानं हुकूम काढून पाहिले; जमलं नाही, हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. मला हा प्रसंग वाचून हसू आलं. एवढ्या दुरून आलेल्या पंडिताला बेटावरच्या बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आपलं होतं तेच चालू ठेवलं.

त्यानं कवडीचा भावही दिलाय. एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या, कधी स्वस्ताई झाली तर बारा लाख. बेटांवर भात पिकत नाही. बंगालचे लोक तांदूळ घेऊन यायचे आणि कवड्या भरून न्यायचे. कवड्या करायची रीतही त्यानं सांगितलीय. समुद्रातून जीव गोळा करायचा, किनाऱ्यावर खड्डे करून त्यात टाकायचा, मांस कुजून जातं आणि पांढरं हाड उरतं. एवढ्या दोन ओळी. मी त्या वाचल्या आणि पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेले.

त्याच्यानंतर अडीचशे वर्षांनी आलेला माणूस मला जास्त जवळचा वाटला, कारण तो पुढं आपल्या गोव्यात आला. फ्रान्समधल्या लाव्हाल गावचा फ्रान्स्वा पिरार. १६०१ साली सेंट मालो बंदरातून मसाल्याच्या व्यापारासाठी निघालेल्या 'कॉर्बिन' जहाजावर तो होता. २ जुलै १६०२ च्या पहाटे हे जहाज मालदीवच्या एका अटोलच्या प्रवाळावर आदळून फुटलं. कप्तान आजारी, हाताखालचे दारूच्या नशेत, पहाऱ्यावरचा झोपलेला. सप्तव्यसनांतलं तिसरं, आज्जी म्हणाली असती. पाण्याचा रंग बघणारा नावाडी त्यांच्याकडं नव्हता.

पिरारचे बरेच सोबती रोगराईनं गेले. तो मात्र तिथली भाषा शिकला आणि राजाच्या मर्जीतला होऊन माले बेटावर पाच वर्षं राहिला. कैदी म्हणा, पाहुणा म्हणा. त्या मुलुखाचं इतकं बारीक वर्णन त्याच्याआधी कुणी केलेलं नाही. तो सांगतो, बोली महिन्यातून दोनदा गोळा करतात, अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास, आणि हे काम बायकांचं. वाळूत आणि उथळ समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्या वेचतात. अमावास्या-पौर्णिमेलाच का, ते आपल्याला सांगायला नको. तेव्हा ओहोटी मोठी लागते आणि पाणी दूर सरतं. मग नारळाच्या झावळ्यांच्या टोपल्या, आतून अस्तर, आणि एकेका टोपलीत बारा हजार कवड्या. एका वर्षात फक्त कवड्यांनी भरलेली तीस-चाळीस जहाजं बंगालकडं जाताना आपण पाहिली, असं त्यानं लिहिलंय.

बारा हजार, आणि एकेक हातानं वेचलेली. मी स्वतः कमरेएवढ्या पाण्यात जेमतेम अर्धा तास उभी होते तर पायांची सालं निघाली. प्रवाळ पायाला करवतीसारखं लागतं. राजाचं नाव, जहाजाचं नाव, वझिराचं नाव पुस्तकांत सापडतं. त्या वेचणाऱ्या बायकांपैकी एकीचंही नाव मला कुठं मिळालं नाही.

१६०७ साली बंगालकडून आलेल्या लुटारूंनी माले लुटलं आणि राजाला मारलं. त्या धांदलीत पिरार सुटला. चितगाव, कालिकत करत पोर्तुगीजांच्या हाती लागला आणि १६०८ साली आजारी अवस्थेत गोव्याच्या इस्पितळात दाखल झाला. त्या इस्पितळाची त्यानं तोंड भरून स्तुती केलीय, स्वच्छ चादरींसकट. आणि त्याच गोव्यात हमरस्त्यावर घोडे विकावेत तशी माणसं विकायला उभी करतात, हेही लिहिलंय. तो १६११ साली घरी पोहोचला. कवड्या आणि ती विकायची माणसं यांचा धागा त्याच्या पुस्तकात जुळलेला नाही. तो जुळला आफ्रिकेत.

पण त्याआधी बंगाल. तिथं कवडी म्हणजे रोजचा बाजार. चार कवड्यांचा एक गंडा, वीस गंड्यांचा एक पण, सोळा पणांचं एक काहण, आणि चार काहणांचा एक रुपया. गुणाकार करा: पाच हजार एकशे वीस कवड्या. आता आपली लीलावती बघा. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या या ग्रंथाच्या सुरुवातीलाच नाण्यांचं कोष्टक आहे. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म. म्हणजे एका द्रम्माला एक हजार दोनशे ऐंशी कवड्या, बरोबर एका काहणाएवढ्या! सह्याद्रीच्या अलीकडचा पंडित आणि बंगालचा वाणी, मध्ये सहाशे वर्षं, आणि हिशेब तोच. मी हे वहीत मांडून दोनदा तपासलं, मग ह्यांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "आता एवढ्या हिशेबात दुधाचंही बघ की."

१७७० च्या दशकाच्या शेवटी सिल्हेटला कंपनीचा रॉबर्ट लिंडसे नावाचा अधिकारी होता. त्याच्या जिल्ह्याचा वसूल अडीच लाख रुपये, आणि तो यायचा कवड्यांत. समुद्रापासून एवढ्या आत हे नाणं कसं आलं, याचं त्यालाही कोडं पडलं होतं. वखारीच्या वखारी कवड्यांनी भरायच्या आणि होड्यांच्या तांड्यातून ढाक्याला जायच्या. पुन्हा गुणाकार केला तर एकशे अठ्ठावीस कोटी कवड्या होतात. पुढं इंग्रजांनी सारा चांदीतच हवा म्हणून सांगितलं. ओडिशातल्या शेतकऱ्याकडं घरभर कवड्या आणि सारा भरायला रुपया नाही, अशी गत झाली. १८१७ सालच्या पाइकांच्या उठावामागं जी गाऱ्हाणी होती त्यांत हे एक. नोटाबंदीच्या दिवसांत माझ्या डाळीच्या डब्यातून निघालेले पाचशेचे आठ कागद आठवले. माझे निदान बँकेनं घेतले.

आता आफ्रिका. हा भाग मला लिहवत नाही, पण वगळताही येत नाही.

पश्चिम आफ्रिकेत कवडी जुन्या काळापासून वाळवंट ओलांडून जायची आणि तिला मोल होतं. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला हे हेरलं आणि तिला समुद्रमार्गानं न्यायला लागले. नंतर डच आणि इंग्रज उतरले. मालदीवची कवडी सिलोन आणि बंगालमार्गे ॲमस्टरडॅमला, लंडनला जायची. जहाज स्थिर राहावं म्हणून तळाशी काहीतरी वजन लागतंच, तिथं वाळूऐवजी कवड्या घालायच्या. म्हणजे भाडंही नाही. तिथं लिलाव व्हायचा आणि माल गिनीच्या किनाऱ्याला रवाना. चाळीस कवड्यांची एक माळ, पन्नास माळांचं एक शीर. होय, शीरच म्हणायचे, दोन हजार कवड्यांच्या त्या गठ्ठ्याला. आणि त्यांनी माणूस विकत घेतला जायचा. सतराव्या शतकाच्या शेवटी एका माणसाला दहा हजारांच्या आसपास कवड्या पडत. शंभर वर्षांनी दीड लाखावर गेल्या. अठराव्या शतकात डच आणि इंग्रजांनी मिळून तिकडं नेलेल्या कवड्यांचा अभ्यासकांनी लावलेला अंदाज सुमारे हजार कोटींचा आहे.

कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून वेचणारी बाई. तिला तांदूळ हवा होता. तिच्या टोपलीतली कवडी कुठं जाऊन कुणाच्या गळ्यातला फास झाली, हे तिला कळायचं कारण नव्हतं. मी तिला दोष देत नाही. पण आपल्याकडं हिंसेचा विचार करताना करणं, करवणं आणि अनुमोदन असे तीन पदर सांगतात, आणि या साखळीत कोण कुठल्या पदरात बसतं ते मी बरेच दिवस लावत होते. ॲमस्टरडॅमचा लिलाववाला, त्याच्या घरातली, त्या नफ्याचा झगा शिवून घेणारी बायको, बंगालचा तांदूळवाला. एक मात्र नक्की, खड्ड्यात कुजणारा जीव कुणाच्याच हिशेबात नव्हता. वर दिलेले सगळे आकडे, लाख, कोटी, हे तसे त्या जिवांचे आकडे आहेत.

आपल्या शास्त्रात स्थापना निक्षेप समजावताना वराटकाचं, म्हणजे कवडीचंच उदाहरण येतं. कवडी ठेवायची आणि म्हणायचं, हा राजा. तिच्यात राजाचा आकार नाही, आपण तसं मानतो एवढंच. एरवी हा भाग मला कोरडा वाटायचा. आता वाटतं, ज्यानं हे उदाहरण निवडलं त्याच्या समोर बाजारात कवड्या मोजणारा कुणीतरी बसला असेल.

इंग्रजांनी १८०७ साली गुलामांचा व्यापार कायद्यानं बंद केला. कवडी थांबली नाही, ती पामतेलाच्या व्यापाराला लागली. मग १८४५ च्या सुमारास जर्मन व्यापाऱ्यांना झांझिबारच्या किनाऱ्यावर तशाच दुसऱ्या जातीच्या, आणखी स्वस्त कवड्या सापडल्या. त्या एवढ्या ओतल्या गेल्या की भाव कोसळला, आणि ज्यांनी आयुष्यभराची पुंजी कवड्यांत साठवली होती त्यांच्या हाती नुसते शिंपले राहिले. कवडीमोल हा शब्द आपण सहज वापरतो. सासूबाई कुणाची किंमत काढायची तर "फुटक्या कवडीचा" म्हणायच्या. न फुटलेल्या कवडीला किती किंमत होती, हे त्यांनाही ठाऊक नसावं.

मालदीवमधल्या शेवटच्या संध्याकाळी बोट एका वस्तीच्या बेटाला लागली होती. किनाऱ्यावर दोन बायका जाळीच्या खुर्च्यांवर टेकून गप्पा मारत होत्या, एक काथ्या वळत होती. एका दुकानात कवड्यांच्या माळा टांगलेल्या. मुलीनं विचारलं, "आई, सौंदत्तीची आठवण म्हणून घ्यायची का?" मी नको म्हटलं. दुकानदारीण चांगल्या स्वभावाची होती, तिला वाटलं भाव जास्त वाटला, तिनं लगेच कमी केला. मला ते समजावून सांगता येईना. शेवटी तिच्याकडून काथ्याची एक दोरी घेतली. आता ती आमच्या गच्चीत आहे, पापड वाळवायचं कापड तिलाच बांधते.

आज्जीच्या सतरा कवड्यांचं काय करायचं, हा प्रश्न घरी आल्यावर होता. एकदा वाटलं विसर्जन करावं, पण कुठं? मार्कंडेय नदीत? ती त्यांची जागा नाही. एका कवडीची पाठ घासून भोक पाडलंय. ती कधीतरी कुणाच्या माळेत असावी. कदाचित आज्जीला जोगतिणीनंच दिली असेल, जोंधळ्यांच्या बदल्यात. विचारायला आता आज्जी नाही.

या दिवाळीत भावाची नातवंडं आली आणि त्यांनी चौकाभारा मांडला. मी पिशवी काढून दिली. धाकटीनं एक कवडी उलटी करून तिच्या दातेरी फटीत डोळा लावला आणि विचारलं, "आज्जी, ह्यात काय होतं?" मी तिला मखमलीचं, दोन शिंगांचं, पदर ओढून घेतल्यासारखं सगळं सांगितलं. खड्ड्याचं सांगितलं नाही; ती सहा वर्षांची आहे. थोरल्यानं मात्र विचारलं, "मग तो गेला कुठं?" तेवढ्यात त्याचा डाव आला. खेळ संपल्यावर मी कवड्या मोजून घेतल्या. सोळाच भरल्या. सतरावी धाकटीच्या मुठीत होती, झोपेतही तिनं ती सोडली नव्हती.